बडोद्याच्या अंगणात रेतीचा गोरिंतो

हरतालिकेच्या पहाटे आई परातीत रेती घ्यायची, ओंजळीनं पाणी शिंपडायची आणि थापटून थापटून पिंडी उभी करायची. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून मी ते बघत असे. मी मदतीला हात घातला की म्हणायची, "थापट, कुरवाळू नकोस. कुरवाळलेली पिंडी आरतीपर्यंत टिकत नाही." पुढे मी शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, आणि आता दर डिसेंबरात मांजलपूरला आमच्या सोसायटीच्या अंगणात मुलांना घेऊन रेतीची एक मोठी आकृती करते. खाली जे सांगणार आहे त्यातलं निम्मं आईच्या त्या वाक्यातच आलेलं आहे.

गेली चार वर्षं मी एकच आकृती करते, ती म्हणजे गोरिंतो. 'गो' म्हणजे पाच, 'रिन' म्हणजे चक्र, 'तो' म्हणजे स्तूप. जपानमध्ये शिंगोन या बौद्ध पंथाच्या जागी असे दगडी स्तूप हमखास दिसतात. कोयासान डोंगरावरच्या ओकुनोइन या दफनभूमीत तर उंच सुगी (जपानी सीडर) वृक्षांखाली शेवाळ चढलेले गोरिंतो रांगेनं उभे आहेत. खाली चौकोनी ठोकळा, त्यावर माठासारखा गोल, त्यावर चारी बाजूंनी उतरतं छप्पर, मग एक वाटी, आणि टोकाला कळीसारखा मणी. ठोकळा पृथ्वी, गोल आप, छप्पर तेज, वाटी वायू, मणी आकाश. म्हणजे आपण पंचमहाभूतं ज्या क्रमानं म्हणतो, अगदी त्याच क्रमानं. जपानीत त्यांना ची, सुई, का, फू, कू म्हणतात.

एका कॅलेंडरवर मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकारापेक्षा त्यावरच्या खुणांनी मला धरून ठेवलं. अनेक गोरिंतोंवर पाचही भागांवर एकेक अक्षर कोरलेलं असतं आणि ती अक्षरं संस्कृत असतात : खालून वर अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, म्हणजे ब्राह्मीच्याच कुळातली. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई ८०४ साली चीनला गेले आणि ८०६ साली परतले. त्यांनी आणलेल्या ग्रंथांबरोबर ही अक्षरंही जपानात रुजली. आकाशाला 'ख' का, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खग, खगोल हे शब्द आपल्या तोंडात आहेतच. आपल्याकडच्या बीजमंत्रांत पृथ्वीला लं, वायूला यं आणि आकाशाला हं आहे, तिथे अ, ह आणि ख. पाण्याचा व आणि अग्नीचा र मात्र दोन्हीकडे तोच. हे कळल्यापासून दुसरी कुठलीच आकृती करावीशी वाटली नाही.

आणखी एक कारण आहे, ते रेतीच्या स्वभावाचं. रेती वरून येणारं वजन छान पेलते, पण लोंबकळणारं काहीही धरून ठेवत नाही. पहिल्या वर्षी मी पाच मजली पॅगोडा केला होता. जपानच्या लाकडी पॅगोड्याचं सगळं सौंदर्य त्याच्या लांब बाहेर आलेल्या वळचणीत असतं, आणि रेतीत तीच पहिली गळते. दुपारी चारपर्यंत पाचपैकी तीन छपरं खाली होती आणि मुलं गप्प उभी होती. शिंतो देवळापुढची तोरी कमान करायची असेल तरी ती मोकळी उभी राहणार नाही, भिंतीवर उठावातच कोरावी लागेल. गोरिंतो मुळात दगडाचा, जाड, बसका, एकावर एक ठेवलेला. तो रेतीला मानवतो.

मुलांना मी आधी एक गोष्ट सांगते : हा खेळण्यातला बुरूज नाही. जपानी माणसं आपल्या गेलेल्या माणसांसाठी असा स्तूप उभारतात. तेव्हा त्यावर चढायचं नाही आणि झेंडे खोचायचे नाहीत. मुलं हे नीट ऐकतात असा माझा अनुभव आहे.

आता रेती. आमच्याकडे बांधकामाला बोडेलीकडून ओरसंग नदीची रेती येते. जाडसर, खणखणीत, प्लॅस्टरवाल्यांच्या आवडीची. आपल्याला मात्र तिच्यात थोडा गाळ हवा असतो, कारण जाड कणांमधल्या फटी बारीक कणांनीच भरतात. काचेच्या बरणीत तीन इंच रेती घ्या, वर पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि तासभर ठेवा. रेतीवर साधारण पाव इंच गाळाचा थर बसला तर रेती उत्तम. गाळ काहीच नसेल तर दहा तगाऱ्यांना एक तगारं चाळलेला नदीचा पोयटा मिसळा. (घमेल्याला बडोद्यात आम्ही गुजरातीसारखं तगारंच म्हणतो.) काळी माती घालू नका, ती सुकताना आकसते आणि भेगा पडतात. दुसरी परीक्षा मुठीची. ओल्या रेतीचा लाडू वळा आणि तो तळहातावर इकडून तिकडे लोळवा. कडा न ढासळता लोळला तर कामाची रेती.

रेती नेहमी विकत घ्या. महीच्या किंवा विश्वामित्रीच्या काठावरून उपसून आणायला जाऊ नका. परवानगीचा प्रश्न आहेच, आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. मुलांना बरोबर घेऊन तर तिकडे फिरकूच नये.

तीन फूट दोन इंचांच्या गोरिंतोला सिमेंटच्या नऊ गोण्या भरतील एवढी रेती लागते, आणि भोवतीच्या बागेला आणखी तीन. ओली ठोकलेली ही आकृती चारशे किलोच्या आसपास भरते, म्हणून गच्चीवर किंवा गॅलरीत हा उद्योग करू नका. जागा जमिनीवरच हवी, आणि तीही मातीची किंवा फटी असलेल्या फरशीची, म्हणजे पाणी खाली निचरेल. आम्ही लिंबाच्या झाडापासून लांब जागा निवडतो, कारण पानांतून टपकणारं दव रात्रभरात रेतीला खड्डे पाडतं. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात बडोद्याचं ऊन पृष्ठभाग इतक्या झपाट्यानं सुकवतं की कोरण्यापेक्षा पाणी मारण्यातच दिवस जातो.

साचे तीन लागतात, तिन्ही बिनबुडाचे. पहिला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच. दुसरा दीड फूट लांब-रुंद आणि सोळा इंच उंच. हे दोन्ही जुन्या प्लायचे करा, स्क्रू बाहेरून मारा म्हणजे एकेक फळी सुटी काढता येईल, आणि आतून जुन्या फ्लेक्सचा तुकडा लावा म्हणजे रेती चिकटणार नाही. तिसरा साचा म्हणजे सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) पंधरा किलोचा रिकामा डबा. वरचं आणि खालचं पत्र्याचं तोंड कापून काढा, एका कोपऱ्यात उभा चिरा द्या आणि तारेनं बांधून ठेवा. तार सोडली की डबा उघडतो. पत्रा कापण्याचं काम मोठ्या माणसानं करायचं, कडांवर चिकटपट्टी लावायची.

यानंतरचं काम ठोकण्याचं, आणि माझ्या मते सगळी कला इथेच आहे. लोकांना कोरण्याची घाई असते. आमच्या गल्लीत एक कडियाकाका (कडिया म्हणजे गवंडी) आहेत, त्यांनी मला हे दाखवलं. साच्यात चार इंच रेती टाका. तिच्यावर इतकं पाणी ओता की ती पातळ खिचडीसारखी होईल, हातानं ढवळा, आणि मग धुम्मस घेऊन ठोका. कडांपासून सुरुवात करून मध्याकडे या. धुम्मस नसेल तर जाड लाकडी ठोकळ्याला काठी ठोकून घ्या. कोपऱ्यांत मुसळ चालतं. चार इंचांचा थर तीन इंचांवर आला आणि ठोकण्याचा आवाज 'थप'चा 'ठक' झाला, की पुढचा थर.

इतकं पाणी कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. ओली रेती उभी राहते ती दोन कणांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याच्या थेंबामुळे. तो थेंब दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. फटी पाण्यानं पूर्ण भरल्या तर ही ओढ संपते आणि रेती वाहू लागते. म्हणजे कोरताना जास्तीचं पाणी शत्रूच. पण ठोकताना तेच पाणी कणांना घसरायला जागा देतं, ते एकमेकांच्या खाचांत बसतात आणि मग पाणी खाली निघून जातं. मागे उरतो तो घट्ट बसलेला, नुसता ओलसर ठोकळा. म्हणून निचऱ्याला वेळ द्यायचा. शेवटच्या थरानंतर मी निदान तीन तास थांबते, शक्यतो रात्रभर.

पहिला साचा भरला की त्याच्या मधोमध दुसरा ठेवून भरायचा, त्यावर मधोमध डबा, आणि डबा फक्त दहा इंचांपर्यंत भरायचा. दोन साच्यांच्या मध्ये एक गोष्ट विसरू नका : खालच्या थराचा पृष्ठभाग खरवडून ओला करून घ्या. मी एका वर्षी पहिला साचा शनिवारी भरला आणि दुसरा रविवारी. रात्रीत वरची पापडी सुकली होती. मी ती न खरवडता तशीच वर रेती ओतली. दुपारी गोल भाग कोरत असताना सगळा वरचा डोलारा, तव्यावरून भाकरी सरकावी तसा, त्या सुक्या रेषेवरून अलगद सरकला आणि पडला. कोसळताना आवाजसुद्धा झाला नाही. त्या रेषेचा फोटो मी ठेवला आहे आणि दरवर्षी मुलांना दाखवते.

आत सळई किंवा काठी उभी करण्याचा मोह होईल. करू नका. रेती खाली बसते, काठी बसत नाही, आणि तिच्याभोवती चीर पडते.

कोरायचं वरून खाली. फक्त तेलाचा डबा उघडा, खालचे दोन्ही साचे तसेच राहू द्या. ते रेतीचा ओलावा राखतात. हत्यारं घरातलीच : पातळ उलथनं, जुनी सुरी, चमचा, करणी, मऊ ब्रश, आणि सरबताची एक नळी. सुटलेले कण हातानं झटकायचे नाहीत, नळीनं फुंकायचे. शिवाय सरळपणासाठी ओळंबा, पाणसळ आणि गुण्या. चारी बाजूंच्या मध्यांवर खिळ्यानं खूण करून ठेवा आणि जसजसे खाली याल तसतशी ती खूण ओळंब्यानं खाली उतरवत चला. मध्य हरवला की गोरिंतो झुकलेला दिसतो आणि नंतर तो सावरता येत नाही.

सर्वांत वर सहा इंचांचा मणी. आकार उकडीच्या मोदकासारखा, फक्त कळ्यांशिवाय. पोट सात इंच, टोक बोथट ठेवा, अणकुचीदार टोक तासाभरात झडतं. त्याखाली चार इंचांची वाटी, तोंड वर, आठ इंच रुंद, बूड पाच इंच. मणी त्या वाटीत बसवलाय असं दिसलं पाहिजे. यासाठी दोघांच्या मध्ये बोटभर खोल खाच पुरते, आणखी आत गेलात तर मानच कापली जाते.

मग दुसरा साचा उघडा. वरच्या सहा इंचांत छप्पर येतं. माथा सहा इंचांचा चौकोन, खाली वळचण पंधरा इंचांची. आधी चार सरळ उतार कापा, गुण्यानं कोपरे तपासा, आणि मग चमच्याच्या पाठीनं उताराला किंचित पोकळ बाक द्या. जुन्या दगडी गोरिंतोंत वळचणीची कड मध्ये सरळ आणि कोपऱ्यांत हलकी वर गेलेली असते. तेवढ्या उचलीमुळेच छपराला प्राण येतो, पण ती अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. वळचणीची जाडी दोन इंच ठेवा. दगडात छपराची खालची बाजू जवळजवळ सपाट असते, रेतीत ती सपाट करायला गेलात की ढासळलीच. मी ती तिरकी कापत आत गोलाकडे नेते. समोरून बघणाऱ्याला सावलीत ते कळतही नाही.

गोल भाग दहा इंच उंच, पोटाशी तेरा इंच. इथे नजरेवर विसंबू नका. पुठ्ठ्यावर अर्ध्या माठाची बाह्यरेषा काढून कापा आणि तो पुठ्ठा उभा धरून भोवती फिरवत जा. जिथे पुठ्ठा अडेल तिथे रेती काढा, जिथे उजेड दिसेल तिथे थांबा. वर छपराला आणि खाली ठोकळ्याला गोल जिथे टेकतो तिथे निदान आठ इंच रुंदी हवी. पोट मी मध्यापेक्षा थोडं वर ठेवते, माठाला खांदा असतो तसा, कारण मग पाण्याचं भांडं असल्यासारखं वाटतं.

शेवटचा ठोकळा सोपा. पहिला साचा उघडा, खालचे दोन इंच पूर्ण रुंदीचं जोतं म्हणून सोडा, वर सोळा इंच लांब-रुंद आणि दहा इंच उंच ठोकळा कापा. ओळंबा लावून कडा धारदार ठेवा, वरच्या सगळ्या गोलाईला त्या कडा शोभा देतात. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी फवारणीच्या पंपानं दोन हात लांबून धुकं मारत राहा. जवळून मारलेल्या पाण्यानं खड्डे पडतात.

अक्षरं कोरण्याची वेळ साधारण दुपारी चारची. पृष्ठभाग तेव्हा ओला चकचकीतही नसतो आणि फिका पडलेलाही नसतो. सिद्धम् अक्षरांना वळण आणि रेषेची जाडी यांचा कडक नियम आहे, तो मला येत नाही आणि मंत्राक्षर चुकीचं काढणं मला पटत नाही. म्हणून मी देवनागरीत काढते. पुठ्ठ्यातून अक्षर कापून, तो पुठ्ठा टेकवून सुरीच्या टोकानं कड आखते आणि मग तिरकी सुरी दोन्ही बाजूंनी धरून अर्धा इंच खोल चर कापते. सरळ उभा चर कापला तर वरची कड पडते. शिरोरेषा फक्त ठोकळ्यावरच्या 'अ'ला देते. छपरावर ती उताराला आडवा घाव घालते, म्हणून तिथे 'र' बिनरेषेचा. मण्यावरचा 'ख' सगळ्यांत अवघड, कारण जागा तीनच इंचांची. तो मी स्वतः काढते, बाकीची चार अक्षरं मुलं काढतात. अक्षरांची बाजू पूर्वेला ठेवा. सकाळच्या तिरप्या उन्हात चरांत सावली भरते आणि अक्षरं लांबून वाचता येतात.

भोवतीची बाग लवकर होते. साडेचार फूट लांब-रुंद चौकट आखा, उरलेल्या तीन गोण्यांतली रेती बारीक चाळणीनं चाळा आणि चाळणीवर उरलेले जाड कण वेगळे ठेवा. खाली बारीक, वर जाड असा दोन इंचांचा थर द्या. जोतंही दोन इंचांचंच असल्यामुळे ते त्या पातळीत मिळून जातं. क्योतोच्या कोरड्या बागांत पाण्याऐवजी ग्रॅनाइटची जाड पांढरी रेती दाताळ्यानं ओढलेली असते, आणि गिनकाकुजी मंदिरात तर त्याच रेतीचा सपाट डोक्याचा, माणसाएवढा उंच शंकू उभा आहे. दाताळं फळीचंच करा, दीड दीड इंचावर दात कापून. आधी गोरिंतोभोवती वर्तुळं, मग उरलेल्या जागेत सरळ रेषा, मागे मागे सरकत. ज्याच्या हातात दाताळं असेल तोच चौकटीत उतरेल.

टिकण्याबद्दल. नुसत्या पाण्यावर आमचा गोरिंतो थंडीत चार-पाच दिवस राहतो, सकाळ-संध्याकाळ धुकं मारलं तर. जास्त दिवस ठेवायचा असेल तर एक भाग फेविकॉल आणि दहा भाग पाणी असं मिश्रण फवारा, वरच्यावर पापुद्रा धरतो. मी ते टाळते, कारण मग रेती झाडांना घालता येत नाही. रात्री चादर टाकू नका, कडा मोडतात. मांजरांसाठी भोवती चार खुर्च्या आडव्या ठेवणं पुरतं.

जपानमध्ये तोत्तोरी इथे रेतीच्या मोठ्या टेकड्यांशेजारी रेतीशिल्पांचं संग्रहालय आहे, २००६ साली सुरू झालेलं. तिथली शिल्पंसुद्धा प्रदर्शन संपलं की मोडतात आणि तीच रेती पुढच्या प्रदर्शनाला वापरतात. आम्हीही मोडतो तेव्हा वरून खाली, कोरलं त्याच क्रमानं, करणीनं. आधी ख, मग ह, र, व आणि शेवटी अ. पाणी मारून सैल केलेली रेती चाळून पुन्हा गोण्यांत भरतो, गोण्या विटांवर ठेवून वर प्लॅस्टिक टाकतो, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या वारूळ करतात. एक लहान पिशवी मी वेगळी धुऊन, वाळवून देवघराखालच्या कपाटात ठेवते. भाद्रपदात सोसायटीतल्या पाच-सहा घरांतून वाटी घेऊन मुली येतात, पिंडीसाठी रेती मागायला.